सीट बदलून देता का?

नागपूरहून मुंबईला येणारे सकाळचे विमान होते. माझ्या रांगेपाशी पोहोचलो, तर खिडकीशी साठीच्या पुढच्या एक बाई बसलेल्या, मधल्या सीटवर त्यांचे यजमान. कडेची सीट माझी. मी बसतो न बसतो तोच एक मुलगी बोर्डिंग पास हातात धरून आली. ‘काकू, खिडकीची सीट माझी आहे.’ काकूंनी अगदी सहज सांगितले, ‘अगं, माझी सीट मागे रिकामीच आहे, तू तिथे बस ना. आम्ही दोघं एकत्र आहोत.’ मागे म्हणजे अकरा रांगा मागे, दोन अनोळखी माणसांच्या मधोमध. मुलगी क्षणभर घुटमळली. तिच्यामागे बॅगा घेतलेली माणसे खोळंबली होती. कुणीतरी म्हणाले, ‘जाऊ द्या हो, वयस्कर आहेत.’ ती निमूट मागे गेली.

मुंबईत सामानाच्या पट्ट्यापाशी ती दिसली, म्हणून मी विचारले. ती म्हणाली, ‘खिडकीसाठी जास्तीचे पैसे भरले होते, ते जाऊ दे. बसायच्या आधी विचारलं असतं, तर मी दिलीही असती.’ मी कडेच्या सीटवर बसून सगळे पाहिले होते आणि एक शब्द बोललो नव्हतो. त्याची टोचणी अजून आहे.

त्या काकूंना मी उद्धट म्हणणार नाही. जन्मभर ज्या रीतीने प्रवास केला, तीच रीत त्या विमानात घेऊन आल्या होत्या. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी आपण माणसे. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकू द्यायचा, हे कुठे लिहिलेले नाही, पण सगळे पाळतात. ‘कुठे उतरणार?’ असे विचारून उठणाऱ्याची जागा आधीच बोलून ठेवायची, हेही तसेच. लांब पल्ल्याच्या गाडीत पहिला अर्धा तास बर्थच्या अदलाबदलीतच जातो. कुणाच्या आईचे गुडघे दुखतात, कुणाची मुले दुसऱ्या डब्यात असतात, आणि गाडी कल्याण सोडेपर्यंत सगळ्यांची सोय लागलेली असते. तिथे अडून बसणारा माणूस डब्याला खटकतो, आणि ते योग्यच आहे. रेल्वेत एकाच वर्गात खालच्या आणि वरच्या बर्थचे भाडे सारखे असते. बर्थ सोडणाऱ्याची गैरसोय होते, पण त्याने त्या बर्थसाठी वेगळे पैसे मोजलेले नसतात.

विमानात हिशेब वेगळा आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या 2024 च्या परिपत्रकाने आवडीची सीट, जेवण, वाद्य नेण्याची सोय अशा सेवांना तिकिटापासून वेगळे शुल्क लावण्याची मुभा कंपन्यांना दिली. अट एवढीच, की ती सेवा प्रवाशाने स्वतःहून निवडलेली असावी. म्हणून आज एकाच रांगेत बसलेल्या तिघांपैकी एकाने खिडकीचे पैसे भरलेले असतात, दुसऱ्याने कडेचे, आणि तिसऱ्याच्या वाट्याला वेब चेक-इनच्या वेळी जी फुकट उरली ती मधली सीट आलेली असते. शेजारी शेजारी बसूनही तिघांचे व्यवहार वेगळे. अशा ठिकाणी ‘जरा सरकून घ्या’ ही जुनी हाक लागू होत नाही.

सीट निवडणाऱ्याची बाजू मला त्यामुळे भक्कम वाटते, आणि ती नुसत्या पैशांवर उभी नाही. माणूस कडेची सीट घेतो ती मधुमेहामुळे वारंवार उठावे लागते म्हणून, पाय आखडतात म्हणून, किंवा पुढचे विमान गाठायला चाळीसच मिनिटे आहेत म्हणून. कुणाला बंद जागेची भीती असते आणि खिडकीतून बाहेर पाहिले की धीर येतो. ही कारणे अनोळखी माणसापुढे, पन्नासजण ऐकत असताना, सांगावी लागणे हाच अन्याय आहे. एकट्या प्रवास करणाऱ्या बायकांचा विचार करा. 2024 मध्ये इंडिगोने वेब चेक-इनमध्ये एक सोय आणली. कोणत्या सीट महिलांनी घेतल्या आहेत, हे महिला प्रवाशाला सीट निवडतानाच दिसू लागले. ही सोय आणावीशी वाटली, यातच पुष्कळ काही आले. रात्रीच्या विमानात एखादी मुलगी हे पाहून बाईशेजारची सीट घेते आणि आयत्या वेळी कुणीतरी तिला चौदाव्या रांगेत दोन पुरुषांच्या मध्ये जायला सांगतो. त्याला ती किरकोळ विनंती वाटते. तिच्यासाठी तो सगळा बेत मोडणे असते.

आणखी एक गोष्ट प्रवासी सहसा लक्षात घेत नाहीत. आपत्कालीन दरवाजाजवळची सीट कुणालाही देता येत नाही. लहान मुले, गरोदर स्त्रिया, ज्यांना स्वतःलाच मदत लागते असे वृद्ध तिथे बसू शकत नाहीत, कारण वेळ आली तर तो दरवाजा त्या रांगेतल्यांनाच उघडायचा असतो. विमान बरेच रिकामे असेल तर वजनाच्या समतोलासाठी उड्डाण होईपर्यंत कुणी जागा बदलू नये, असेही कर्मचारी सांगतात. आपसात ठरले म्हणून सगळे ठरले असे विमानात होत नाही, केबिन क्रूला विचारावेच लागते.

हे सगळे मान्य करूनही दुसरी बाजू हलकी होत नाही. जागा मागणारी माणसे कोण असतात? ‘उडान’ योजनेतली पहिली विमाने 27 एप्रिल 2017 रोजी निघाली, त्यात नांदेड–हैदराबाद हे एक होते. पुढे जळगाव, कोल्हापूर अशी गावे विमानाच्या नकाशावर आली. या वाटांवर पहिल्यांदा विमानात चढणारी माणसे असतात. तिकीट पुतण्याने किंवा एजंटाने मोबाइलवर काढलेले असते. सीटचा तो रंगीत नकाशा, प्रत्येक चौकोनावर वेगळी रक्कम, हे त्यांनी कधी पाहिलेलेच नसते. नवरा-बायकोचे एकत्र तिकीट काढले म्हणजे जागाही एकत्र मिळणार, असे त्यांनी धरलेले असते. रेल्वेत संगणक एका तिकिटावरच्या माणसांना होता होईल तो जवळ ठेवतो, मग इथे का नाही ठेवणार? पैसे न भरल्यामुळे आपल्याला वेगळे बसवले आहे, हे त्यांना दारातून आत शिरेपर्यंत कुणी सांगितलेले नसते. त्यांना ‘नियम वाचायला हवा होता’ असे सुनावणे मला जमणार नाही.

मग सीटचे आकडेच नकोत, येईल त्याने बसावे, असे काहीजण सुचवतात. अमेरिकेत साउथवेस्ट या कंपनीने पन्नासहून अधिक वर्षे हेच केले. तिकिटावर सीट नाही, फक्त आत शिरण्याचा क्रम. तिथेही पुढे गेलेला माणूस मागून येणाऱ्यांसाठी अख्खी रांग धरून ठेवी आणि त्यावरून भांडणे होत. आपल्या रुमालाचेच ते अमेरिकी रूप. 27 जानेवारी 2026 पासून त्या कंपनीनेही ठरलेल्या सीट देणे सुरू केले. त्यात कमाईचा भाग मोठा आहे हे खरे, पण आपली जागा आधी ठाऊक असावी असे बहुतेक प्रवाशांनाही वाटत होते. जागा ठरलेली असणे हे प्रवाशाच्या हिताचे आहे, याबद्दल मला शंका नाही.

लहान मुलांचा प्रश्न मात्र मी या तागडीत घालतच नाही. चार वर्षांचे मूल आईपासून सहा रांगा दूर बसवणे चूक आहे आणि ती चूक सहप्रवाशाने आपली सीट देऊन निस्तरायची नाही. एप्रिल 2024 मध्ये डीजीसीएने कंपन्यांना स्पष्ट सांगितले, की 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाबरोबर सीट द्यावी आणि त्याची नोंद ठेवावी. अमेरिकेच्या परिवहन खात्याने 2023 मध्ये वेगळी वाट धरली. मुलांना पालकांशेजारी जादा पैसे न घेता बसवण्याची हमी कोणती कंपनी देते आणि कोणती नाही, याचा तक्ताच त्याने लोकांपुढे ठेवला. आपल्याकडे थेट निर्देश आहे. तेव्हा रडवेले मूल कडेवर घेऊन रांगेतल्या प्रत्येकाला विनवणाऱ्या आईला माझे सांगणे असे, की ही विनवणी तुमच्यावर यायलाच नको होती. चेक-इनच्या काउंटरवर पीएनआर दाखवा आणि सीट मागून घ्या. तिथे केलेल्या चुकीचा भार विमानात शेजाऱ्यावर पडला, की ‘नाही’ म्हणणारा निर्दय ठरतो आणि ज्याने चूक केली तो कुणाला दिसतही नाही.

सीट मागे रेलण्याच्या भांडणातही नेमके असेच होते. सीट मागे झुकवण्याची जागा पुढच्याला विकलेली असते, आणि तीच जागा मागच्याला गुडघ्यांसाठी विकलेली असते. एका सीटच्या एखाद्या बिंदूपासून मागच्या सीटच्या त्याच बिंदूपर्यंतचे अंतर स्वस्त विमानसेवांमध्ये साधारण 28 ते 30 इंच असते. त्यात पाठीची जाडी आली, मांड्या आल्या, ट्रे आला. अमेरिकेतील प्रवाशांच्या एका संघटनेने हा प्रश्न न्यायालयात नेला. 2017 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने आपल्या निकालात सरासरी अंतर 35 इंचांवरून 31 वर आणि काही विमानांत 28 वर आल्याची नोंद घेतली. इतक्या दाटीतून संकटकाळी माणसे वेळेत बाहेर पडतील का, याचा पुन्हा विचार करा, असे त्याने तिथल्या विमान प्रशासनाला सांगितले. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने सीटचे किमान माप ठरवण्याचे काम त्या प्रशासनावर सोपवले. म्हणजे गुडघा आणि पाठ यांच्या भांडणाचे मूळ सीटच्या मापात आहे, हे न्यायालय आणि संसद दोघांनाही दिसले होते. आपण मात्र समोरच्या माणसाच्या डोक्याकडे पाहून चिडतो.

2014 च्या ऑगस्टमध्ये नेवार्कहून डेन्व्हरला निघालेल्या विमानात एका प्रवाशाने पुढची सीट झुकू नये म्हणून ट्रेच्या दांड्यांना प्लास्टिकचे अडसर लावले. असे अडसर बाजारात मिळत. क्रूने काढायला सांगितले, त्याने ऐकले नाही. पुढच्या बाईने त्याच्यावर पाणी फेकले, आणि विमान शिकागोला उतरवावे लागले. त्या दोघांनीही पायांसाठी जास्त जागा असलेल्या महागड्या रांगेतल्या सीट घेतल्या होत्या, हे मला या प्रसंगात सर्वांत बोलके वाटते. चार इंच जास्त मिळूनही भांडण टळले नाही, कारण ती जागा नक्की कुणाची हे कुणीच सांगितले नव्हते.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या कायद्याच्या दोन प्राध्यापकांनी लोकांना विचारून पाहिले. सीट झुकवण्याचा हक्क पुढच्याचा आहे असे धरले, तर तो सोडण्यासाठी पुढचे लोक जेवढे पैसे मागत, त्याच्या निम्मेही मागचे द्यायला तयार नव्हते. मग हक्क मागच्याचा धरला, तर नेमके उलटे झाले. जागा आपली आहे असे एकदा मनाने घेतले की तिची किंमत वाढते. मग दोघेही स्वतःला खरेच समजतात, आणि आपापल्या परीने दोघेही प्रामाणिक असतात.

इथे मला आपल्या रेल्वेचे मोल कळते. मधला बर्थ हा तसा याच जातीचा प्रश्न. तो उघडला की खालच्याला बसता येत नाही, मिटला की मधल्याला झोपता येत नाही. रेल्वेने यावर घड्याळ लावले. झोपण्याची वेळ रात्री 10 ते सकाळी 6, बाकी वेळ खालचा बर्थ सगळ्यांना बसायला. 2017 पर्यंत ही वेळ रात्री 9 पासून होती, तक्रारी आल्या म्हणून एक तासाने कमी केली. त्याच परिपत्रकात पुढे म्हटले, की आजारी, दिव्यांग आणि गरोदर प्रवाशांना ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त झोपू द्यावे, इतरांनी सहकार्य करावे. ही रचना मला फार शहाणपणाची वाटते. आधी हक्क कुणाचा ते ठरवले, आणि मग त्या हक्कवाल्याकडे सवलत मागितली. विमानात सीट मागे करण्याबाबत आपण उलटे चालतो. नियम ठरलेला नसतो आणि समजूतदारपणाची अपेक्षा मात्र पहिल्या मिनिटापासून असते.

रेल्वेसारखे घड्याळ विमानातही लावता येईल. जेवण चालू असताना सर्वांच्या सीट सरळ. मुंबई–नागपूर किंवा पुणे–दिल्ली अशा दोनेक तासांच्या दिवसाच्या प्रवासात सीट झुकवू नये. रात्रीच्या लांबच्या विमानात दिवे मंद झाले की झुकवावी, आणि मागच्यानेही कुरकुर करू नये, कारण तिथे झोप ही चैन नाही. झुकवण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहावे. कुणाच्या ट्रेवर गरम चहा असतो, कुणाच्या मांडीवर बाळ. मधल्या सीटच्या दोन्ही बाजूंचे आर्मरेस्ट मधल्याचेच, कारण खिडकीवाल्याला भिंत आहे, कडेवाल्याला वाट आहे आणि मधल्याकडे तेवढेच आहे. यावर मला जास्त बोलण्यासारखे काही दिसत नाही.

शब्दाला शब्द लागला की काय होते, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. 23 मार्च 2017 रोजी उस्मानाबादचे, म्हणजे आताच्या धाराशिवचे, तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड पुण्याहून दिल्लीला गेले. त्यांच्याकडे बिझनेस क्लासचे तिकीट होते आणि त्या विमानात तो वर्गच नव्हता. त्यांची तक्रार खोटी नव्हती, हे आधी मान्य करू. पण दिल्लीत उतरल्यावर त्यांनी एअर इंडियाच्या अधिकाऱ्याला चपलेने मारले आणि ते कॅमेऱ्यापुढे सांगितलेही. कंपन्यांनी त्यांना विमानात घ्यायचे बंद केले, आणि मंत्र्यांना खेद कळवल्यानंतर एप्रिलमध्ये ती बंदी उठली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डीजीसीएचे नवे नियम आले. शिवीगाळ, दमदाटी केल्यास तीन महिन्यांपर्यंत, अंगावर हात टाकल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि जिवाला धोका होईल असे वागल्यास किमान दोन वर्षे विमानबंदी. तक्रार खरी असली तरी हात उचलल्यावर तिची सुनावणी होत नाही, शिक्षेची होते. आणि ज्याच्यावर हात उचलला जातो, त्या काउंटरवरच्या किंवा केबिनमधल्या माणसाने सीटचे दर ठरवलेले नसतात.

माझा कौल सीट निवडणाऱ्याच्या बाजूने आहे. त्याचे ‘नाही’ हे पूर्ण उत्तर आहे आणि त्याला कारण विचारू नये. मागणाऱ्याला मागण्याचा अधिकार आहे, पण बसण्याआधी, उभ्याने, आणि आपल्या हातात देण्याजोगी तशीच किंवा बरी सीट असेल तर. खिडकी मागायची आणि मधली द्यायची, याला अदलाबदल म्हणत नाहीत. आजूबाजूच्या आपण सर्वांनी ‘जाऊ द्या हो’ म्हणून सीटवाल्यावर दबाव आणू नये. मी त्या दिवशी बोललो नाही, पण माझे गप्प राहणेही त्याच दबावात जमा झाले. त्यापेक्षा, ज्याला शक्य आहे त्याने आपणहून उठावे. माझी कडेची सीट मी काकूंना देऊ शकलो असतो आणि अकरा रांगा मागे जाऊ शकलो असतो. मग खिडकी मुलीची राहिली असती आणि नवरा-बायकोही शेजारी राहिले असते. हे मला सुचले तेव्हा विमान इगतपुरीच्या डोंगरांवर होते.

एक प्रश्न या कौलाने सुटत नाही. आपल्याकडून कितीतरी आई-वडील लेकीच्या बाळंतपणाला किंवा नातवंडे सांभाळायला अमेरिकेला जातात. मुंबई ते नेवार्क पंधरा-सोळा तास. दोघेही सत्तरीच्या आसपास, एकाला ऐकू कमी येते, दुसऱ्याला दर दोन तासांनी उठावे लागते, इंग्रजीत हाक मारायचा संकोच. अशी दोन माणसे दोन वेगळ्या रांगांत, मधल्या सीटवर. मुलांसाठीचा 12 वर्षांचा नियम त्यांना लागू होत नाही. शेजाऱ्याने सीट दिली तर त्याचे उपकार, नाही दिली तर त्याला दोष देता येत नाही. बाबा मग पाणी पिणेच कमी करतात, म्हणजे उठायला नको. आई रात्रभर मान वळवून मागच्या रांगेकडे पाहत राहते.

त्यांचे तिकीट बहुतेक वेळा तिकडे असलेला मुलगा किंवा मुलगी काढते. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तिकीट काढाल तेव्हाच दोघांच्या शेजारच्या सीट घ्या, त्यातली एक कडेची, आणि त्याचे पैसे भरा. आईला आदल्या रात्री फोनवर दोन्ही सीटचे आकडे सांगा आणि एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवायला सांगा.